बटू नवतारे : वेधांचा इतिहास

बटू नवतारे हा रूपविकारी (दीप्ती बदलणाऱ्या) ताऱ्यांचा एक प्रकार आहे. एरवी मंद असणारा असा तारा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी एक-दोन दिवसांतच उजळतो, काही दिवस तेजस्वी राहतो आणि नंतर हळूहळू पूर्वस्थितीला येतो. नवताऱ्याचा उद्रेक याहून पुष्कळच मोठा असतो व त्याची पुनरावृत्ती होण्यास सामान्यतः हजारो वर्षे लागतात.

शोध : १५ डिसेंबर १८५५ रोजी लंडन येथे लघुग्रह शोधीत असताना जे. आर. हिंड यांना मिथुन राशीत नवव्या प्रतीचा एक अपरिचित तारा आढळला. तो लवकरच मंदावला. तथापि मार्च १८५६ मध्ये एन. आर. पॉग्सन (पुढे मद्रास वेधशाळेचे प्रमुख) यांना तो पुन्हा उजळलेला दिसला. यू जेमिनोरम हे त्याचे नाव असून त्याचे उद्रेक सरासरीने सु. १०० दिवसांनी होतात. १८९६ मध्ये हार्व्हर्ड वेधशाळेतील लुइझा वेल्स यांनी छायाचित्रण-काचांवरून हंस तारकासमूहातील एस एस सिग्नी हा तारा शोधला. तो सु. सात आठवड्यांनी बाराव्या प्रतीपासून आठव्या प्रतीपर्यंत चढतो, म्हणजेच सु. ४० पट तेजस्वी होतो.

वेधपद्धती : उद्रेकांमधील अंतर अनियमित असल्याने उद्रेकाचा दिवस आधी वर्तविता येत नाही, म्हणून रोज रात्री वेध घेणे भाग पडते. मोठ्या दुर्बिणींना एकाच ताऱ्यासाठी इतका वेळ देता येत नसल्याने हे काम मुख्यतः हौशी निरीक्षकांनी केले. दुर्बिणीतून दिसणाऱ्या ताऱ्याची ज्ञात प्रतीच्या शेजारील ताऱ्यांशी तुलना करून ते त्याची प्रत ठरवितात. १९११ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन ॲसोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ या संस्थेने असे वेध एकत्र केले. रूपविकारी ताऱ्यांचे हजारो वेध या संस्थेला पाठविणाऱ्यांत जेसोरचे राधागोविंद चंद्र हेही होते. यू जेमिनोरम क्रांतिवृत्ताजवळ असल्याने दरवर्षी काही काळ सूर्यप्रकाशात लोपतो. एस एस सिग्नी बराच उत्तरेस असल्यामुळे त्याची नोंद १८९६ पासून जवळजवळ अखंड आहे.

कारणमीमांसा : अल्फ्रेड जॉय यांनी वर्णपटावरून एस एस सिग्नी हे तारकायुग्म असल्याचे १९५६ मध्ये दाखविले. त्यातील तारे सु. ६.६ तासांत परस्परांभोवती फिरतात. रॉबर्ट क्राफ्ट यांच्या अभ्यासाने १९६० नंतर हे लक्षण या साऱ्या वर्गास लागू असल्याचे दिसून आले. तांबूस सोबत्याकडून श्वेत बटू ताऱ्याकडे वाहणारा वायू सरळ न पडता त्याच्याभोवती तबकडीच्या रूपात साचतो. योजी ओसाकी यांनी १९७४ मध्ये उद्रेकाचे मूळ या तबकडीत असल्याचे सुचविले. नंतरच्या विवेचनानुसार साचलेल्या वायूची घनता ठराविक मर्यादेपलीकडे गेली की तो तापतो, त्यातील हायड्रोजनाचे आयनीकरण होते व त्याची श्यानता वाढते. मग वायू वेगाने आत सरकतो आणि गुरुत्वीय ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते.

अंतराचा वाद : हबल अवकाश दुर्बिणीने १९९९ मध्ये एस एस सिग्नीचे अंतर सु. ५४० प्रकाशवर्षे दिले. ते खरे मानल्यास तारा इतका तेजस्वी ठरत होता की, त्याची तबकडी सदैव तप्त राहून उद्रेक मुळी व्हायलाच नकोत. अर्थात सर्व सिद्धांतच संकटात आला. हा तारा उद्रेकाच्या वेळीच पुरेशा तीव्रतेने रेडिओ तरंग सोडतो. म्हणून २०१० ते २०१२ या काळात हौशी निरीक्षकांनी उद्रेकाची सूचना देताच अमेरिका व यूरोप येथील रेडिओ दुर्बिणी त्याच्याकडे वळविण्यात आल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फलितानुसार अंतर सु. ३७० प्रकाशवर्षे निघाले. पुढे गाया उपग्रहाच्या मापनांनी त्यास पुष्टी दिली व सिद्धांत तरला.

केप्लर व टेस या अवकाश दुर्बिणींनी उद्रेकांचे अतिसूक्ष्म आलेख दिले आहेत. तरीही एका उद्रेकानंतर दुसरा दीर्घ की अल्प, शीघ्र की विलंबित होईल, हे निश्चितपणे सांगता येत नाही. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी शतकाहून अधिक काळाची सलग नोंद लागते आणि ती दृश्य वेधांतूनच उपलब्ध झाली आहे.