गुन्हेगारी दर : दीर्घकालीन कल

दर लाख लोकसंख्येमागे वर्षभरात नोंदलेले गुन्हे म्हणजे गुन्हेगारी दर. लहान प्रदेशात तो फसवा ठरतो. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात पुण्यात दहा खून झाले. पैकी तीन सदाशिव पेठेतल्या विजयानगर कॉलनीत. एकट्या पेठेचा त्या वर्षीचा दर काढला, तर शांत वस्ती भयंकर दिसेल. गोव्यातही (२०११ : सुमारे १४.६ लाख वस्ती) दहा जादा खुनांनी दर ०.७ ने चढतो. शिवाय पर्यटक भाजकातल्या लोकसंख्येत नसतात, त्यांच्या तक्रारी मात्र नोंदीत असतात. म्हणून अनेक वर्षांची सरासरी पाहावी. चोरी-विनयभंगापेक्षा खुनाचे आकडे विश्वसनीय, कारण प्रेत सहसा लपत नाही. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्याने जुनी-नवी कलमे जुळवूनच तुलना करावी लागते.