लाईट गेली आणि साउंड कार्ड हरवलं

माझं लहानपण उन्हाळ्याच्या सुट्टीत अंबाजोगाईला, मामाच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलं. २००६ च्या आसपास तिथले अर्धे टाइपरायटर जाऊन सेकंडहँड कॉम्प्युटर आले होते. मामा रात्री बसून त्यांवर विंडोज ९८ टाकायचा. सेटअप व्यवस्थित पुढे सरकायचं, आणि हार्डवेअर शोधायच्या टप्प्यावर पट्टी थांबायची. माउस हलत नाही, हार्डडिस्कचा दिवा विझलेला. "अडकलं बघ," मामा म्हणायचा आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागायचा. सकाळी सातच्या बॅचची फी आधीच घेतलेली असायची.

कॉम्प्युटर नेमका का अडकायचा, हे कळायला मला इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि वर थोडी नोकरी लागली.

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून आलेल्या जुन्या स्लॉटना, म्हणजे आयएसए बसला, 'तू कोण?' असं कार्डला विचारायची सोयच नव्हती. दारांवर पाट्या नसलेला वाडाच तो. कोणत्या कार्डाने कोणता पत्ता आणि कोणती इंटरप्ट लाइन घ्यायची, हे माणूस कार्डावरचे जंपर हलवून ठरवायचा. इंटरप्ट लाइन सुरुवातीला ८ होत्या, १९८४ च्या एटीमध्ये वापरण्याजोग्या १५ झाल्या. मग ऑपरेटिंग सिस्टिम कार्ड ओळखायची कशी? एकेका पत्त्यावर टकटक करायची आणि आतून येणाऱ्या उत्तरावरून अंदाज बांधायचा. साउंड कार्ड समजून नेटवर्क कार्डाचं दार वाजवलं, तर ते कार्ड भलत्याच अवस्थेत जायचं आणि कधी कधी अख्खी बसच धरून ठेवायचं. प्रोसेसर उत्तराची वाट बघत तिथेच उभा. लिनक्सवाल्यांनी यावर 'रिझर्व्ह' नावाचा बूट पर्याय दिला होता: अमुक पत्त्यांना हात लावू नकोस.

२४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ ने वेगळी युक्ती केली, आणि ती मला आजही आवडते. प्रत्येक धोकादायक टकटकीआधी सेटअप 'डिटक्रॅश डॉट लॉग' या फाइलमध्ये लिहून ठेवायचं की आता मी या दाराशी जातोय. तिथेच अडकलं तर मशीन पॉवरनेच बंद करायचं. पुन्हा चालू केल्यावर सेटअप ती फाइल वाचायचं आणि ते दार सोडून पुढे जायचं. डिटेक्शन सुखरूप पार पडलं की फाइल पुसली जायची.

विंडोज ९८ मध्येही हीच पद्धत होती. आमच्याकडे तिची एक गंमत व्हायची. परळीचं औष्णिक वीज केंद्र अंबाजोगाईहून पंचवीसेक किलोमीटरवर, पण लोडशेडिंग आम्हालाही चुकलेलं नव्हतं. डिटेक्शन चालू असताना लाईट गेली, तर फाइल तशीच राहायची. लाईट गेली हे सेटअपला कुठून कळणार! त्याचा समज असा की साउंड कार्डाने घात केला. मग लाईट आल्यावर ते धडधाकट साउंड कार्ड वगळूनच इन्स्टॉलेशन पुरं व्हायचं, आणि मामा दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी कार्ड बदलून देण्यावरून भांडायचा. दुकानात ते कार्ड अर्थातच चालायचं.

दारांवर पाट्या यायला तोवर सुरुवात झाली होती. १९९२ च्या पीसीआयमध्ये प्रत्येक उपकरणाला उत्पादकाचा आणि मॉडेलचा क्रमांक आला. रिकाम्या जागी विचारलं तर सगळे बिट १ असलेलं उत्तर येतं, बस लटकत नाही. (इंटेलने स्वतःसाठी घेतलेला क्रमांक ८०८६. हौस असते एकेकाला.) १९९३ मध्ये आयएसएसाठीही प्लग अँड प्ले आलं, पण सेकंडहँड बाजारात जुनी जंपरवाली कार्डं पुढे कितीतरी वर्षं फिरत होती. मामाच्या वाट्याला तीच यायची.

तरीही इन्स्टॉलेशन आजही अडकतं. आता दाराशी नाही, घरात गेल्यावर. ग्राफिक्स चिप कोण आहे हे कळतं, पण तिला जागं करताना ड्रायव्हर गोंधळतो. किंवा १९९६ मध्ये आलेल्या एसीपीआयनुसार फर्मवेअर जे तक्ते देतं, त्यांतच चूक असते.

मागच्या हिवाळ्यात मामेभावाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी कॉलेजचं प्रॅक्टिकल, आणि लॅपटॉपवर लिनक्स टाकताना स्क्रीन गोठलेली.

"कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो का?"

"लागतो."

म्हणजे कर्नल जिवंत होता, फक्त पडदा गेला होता. त्याला एस्केप दाबून मेसेज बघायला लावले. शेवटच्या ओळीत यूएसबीचं नाव होतं, म्हणून तो सगळे पेनड्राइव्ह उपटायला निघाला. नवशिक्यांची ही नेहमीची चूक. पडद्यावरची शेवटची ओळ बहुतेकदा नीट पार पडलेल्या कामाची असते. ज्याने अडवलं, त्याला आपलं नाव लिहायलाही वेळ मिळालेला नसतो. त्याला पुन्हा बूट करायला सांगितलं, मेनूवर 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहायला लावलं. इन्स्टॉलेशन सुरू झालं.

मागून मामाचा आवाज आला, "अरे, कार्ड काढून बघितलं का?"

"मामा, आता ते बोर्डावर सोल्डर केलेलं असतं, निघत नाही."

"मग तू काय केलंस?"

"कार्डच काढलं. नुसतं लिहून."