तुकडोजी महाराजांचे खंजिरी भजन

तुकडोजी महाराज (३० एप्रिल १९०९ – ११ ऑक्टोबर १९६८) हे वऱ्हाडातील संत, कवी व भजनगायक होते. स्वतः रचलेली मराठी व हिंदी भजने ते खंजिरी वाजवून गात. भजन या लोकप्रिय भक्तिप्रकाराचा त्यांनी ग्रामसुधारणा व राष्ट्रीय जागृतीसाठी उपयोग केला.

प्रारंभिक जीवन

त्यांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण अल्प होते. वरखेड येथील आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. ‘तुकड्यादास’ ही त्यांच्या भजनांतील नाममुद्रा होय.

गायनशैली

खंजिरी हे लाकडी कड्यावर एका बाजूने कातडे ताणलेले व कड्यात धातूच्या चकत्या बसवलेले लहान चर्मवाद्य आहे. ते एका हाताने धरून दुसऱ्या हाताने वाजवता येत असल्याने गायक स्वतःच ताल धरू शकतो. सोपी भाषा व समूहाला सहज उचलता येणारे ध्रुपद यांमुळे श्रोतेही गायनात सहभागी होत. अस्पृश्यता, व्यसने, अंधश्रद्धा व गावातील अस्वच्छता हे त्यांच्या भजनांचे विषय होते.

स्वातंत्र्यलढा

१९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनाच्या काळात त्यांच्या भजनांनी विदर्भातील अनेक गावांत जागृती झाली. ऑगस्टमध्ये चिमूर व आष्टी येथे उठाव झाले. त्याच महिन्यात इंग्रज सरकारने तुकडोजींना चंद्रपूर येथे अटक केली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवल्यानंतर डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

उत्तरकाल

१९३५ मध्ये मोझरी येथे स्थापन केलेला गुरुकुंज आश्रम त्यांच्या कार्याचे केंद्र राहिला. ग्रामजीवनाविषयीचे विचार त्यांनी ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त ओवीबद्ध केले. १९५५ मध्ये ते जपानमधील जागतिक धर्मपरिषदेस उपस्थित होते. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरवले.

वारसा

त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंज येथे मोठ्या समुदायाकडून मौन श्रद्धांजली वाहिली जाते. गुरुदेव सेवा मंडळांच्या सामुदायिक प्रार्थनेत त्यांच्या रचना आजही गायल्या जातात. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज यांनी सात खंजिऱ्या वाजवत प्रबोधन करण्याची ‘सप्तखंजेरी’ शैली लोकप्रिय केली. भारतीय डाक विभागाने १९९३ मध्ये तुकडोजींवर टपाल तिकीट काढले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.