पाच सोन्याची नाणी आणि मागे बंद झालेलं दार

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची मुलं सकाळ-संध्याकाळ मैदानावर असतात, त्यांनी सवडीने पूर्ण वाचा.

गेल्या मंगळवारी एक शेतकरी गृहस्थ कार्यालयात आले. सोबत पंधरा वर्षांचा मुलगा, कबड्डी खेळणारा. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले सहा कागद, सगळे इंग्रजीत. एका खासगी अकादमीच्या माणसाने मुलाला जिल्हा स्पर्धेत हेरलं आणि आठवड्याने हा करार पाठवला. "दादा, तेवढं वाचून सांगा. सही करू का नको?" एवढंच त्यांचं म्हणणं. मी वाचलं. चौथ्या पानावर एक ओळ होती. पुढची पाच वर्षं अकादमीच्या लेखी परवानगीशिवाय मुलाने दुसऱ्या कुठल्याही संघाकडून खेळायचं नाही. कुठल्याही म्हणजे शाळेकडूनसुद्धा.

ती ओळ वाचताना मला एक जुना इतिहास आठवला. तो आपल्याकडचा नाही, उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-खाणींच्या गावांतला आहे. पण पोरं हेरणं, त्यांची किंमत ठरवणं आणि सहीनंतर त्यांच्यामागे दार लावून घेणं, हे सगळं तिथे शंभर वर्षं चाललं.

रग्बी म्हटलं की आपल्याला एकच खेळ वाटतो. प्रत्यक्षात आहेत दोन. रग्बी युनियन पंधरा जणांचा आणि रग्बी लीग तेरा जणांचा. भाऊबंदकी का झाली? तर मजुरीवरून. उत्तरेकडचे खेळाडू गिरणीत, खाणीत राबणारे. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. सामन्याला गेलं की तेवढी मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढीच क्लबांची मागणी. १८९३ मध्ये लंडनच्या सभेत ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली गेली. पैसे घेऊन खेळणं सभ्य माणसाला शोभत नाही, असा त्यामागचा विचार. ज्यांच्या घरी चूल आधीच पेटलेली असते, त्यांना असले विचार परवडतात.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि बावीस क्लबांची वेगळी चूल मांडली गेली. बुडालेल्या दिवसाचे जास्तीत जास्त सहा शिलिंग द्यायचे, असं ठरलं. युनियनवाल्यांनी उलट फतवा काढला. जो तिकडे गेला, त्याला आपल्याकडे आयुष्यभर बंदी.

या नव्या खेळाने १९०६ मध्ये संघातले दोन गडी कमी केले. पंधराचे तेरा झाले, मैदान मोकळं झालं आणि एका जागेचं मोल एकदम वाढलं. ती जागा म्हणजे सेंटर. अंगावर ३ आणि ४ नंबर घालणारे दोन गडी. कडेला पळणारा तो विंगर, त्याच्या आतल्या बाजूला हा सेंटर. त्याला दांडगाईही लागते आणि डोकंही. समोरचा बचावपटू आपल्या अंगावर ओढून घ्यायचा, तो पुरता फसला की नेमक्या क्षणी चेंडू विंगरकडे सोडायचा. अर्धा सेकंद आधी सोडला तर विंगर मार खातो, अर्धा सेकंद उशीर झाला तर डाव संपतो. कबड्डीवाल्यांना सांगायचं तर हे कव्हरसारखं आहे. कोपऱ्यातला गडी पाय धरतो, टाळ्या त्याला पडतात. पण मागून धडक देऊन चढाईवाल्याला खाली पाडणारा कव्हर कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्याच १९०६ च्या नोव्हेंबरात हडर्सफील्ड संघाकडून एक पोरगा मैदानात उतरला. हॅरॉल्ड वॅगस्टाफ. वय १५ वर्षं १७५ दिवस. जवळच्या होमफर्थ गावचा, अंडरबँक रेंजर्स या गावातल्या संघात खेळणारा. क्लबने त्याला सही करताना दिली सोन्याची पाच सॉव्हरिन नाणी. म्हणजे पाच पौंड.

पाच पौंडांत क्लबला काय मिळालं? सतराव्या वर्षी इंग्लंडकडून खेळणारा आणि विशीतच कर्णधार झालेला सेंटर मिळाला. 'सेंटरचा राजपुत्र' असं त्याला लोक म्हणू लागले. १९१४-१५ च्या हंगामात त्याच्या हाताखाली हडर्सफील्डने त्या वेळच्या चारही स्पर्धा जिंकल्या. त्याआधी, ४ जुलै १९१४ ला सिडनीत ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलियाशी निर्णायक कसोटी खेळत होता. आठ दिवसांतली ही तिसरी कसोटी. एकेक गडी जखमी होऊन बाहेर पडत गेला, बदली खेळाडूंची पद्धत तेव्हा नव्हती. शेवटी मैदानात दहाच जण उरले. त्या अवस्थेत वॅगस्टाफने बचाव फोडला, आडवा आलेला गडी स्वतःकडे ओढला आणि चेंडू चिक जॉन्सन नावाच्या गड्याला दिला. त्याने तो फुटबॉलसारखा पायाने ढकलत नेऊन रेषेपार टेकवला. सामना १४-६ असा जिंकला. धावफलकावर नाव जॉन्सनचं लागलं. ती वाट कुणी करून दिली, हे मैदानावर बसलेल्यांनीच पाहिलं.

खेळाडू हेरणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. विंगरने किती गुण केले ते मोजता येतं. सेंटरने दुसऱ्याला किती मिळवून दिले, ते पाहायला डोळा लागतो. म्हणून सेंटर निवडायचा तर चेंडू हातात नसताना तो कुठे उभा राहतो ते बघावं लागतं. बचावाची रांग पुढे सरकते तेव्हा तो एकटाच पुढे धावतो की रांग धरून राहतो, दोन्ही हातांनी सारखा पास देतो का, हेही बघावं लागतं.

असा डोळा असलेला एक माणूस होता लान्स टॉड. न्यूझीलंडचा, स्वतः सेंटर. १९०७-०८ च्या दौऱ्यावर इंग्लंडला आला आणि विगन क्लबने त्याला ४०० पौंड देऊन ठेवून घेतलं. वॅगस्टाफला पाच पौंड मिळाल्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. गावच्या पोराला पाच, बाहेरून आलेल्या नामांकिताला चारशे. हे गणित आपल्याला नवं नाही. हाच टॉड पुढे सॅल्फर्डचा व्यवस्थापक झाला आणि १९२९ मध्ये त्याने वेल्समधून गस रिसमन नावाचा मुलगा आणला. कार्डिफच्या बंदर भागात जन्मलेला, लॅटव्हियाहून आलेल्या कुटुंबातला. टॉडची पारख किती खरी? रिसमन १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ब्रिटनचा कर्णधार होता, आणि १९५२ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी त्याने वर्किंग्टन टाउन संघाला वेम्ब्लीवर चॅलेंज कप जिंकून दिला.

उत्तरेचे क्लब सारखे वेल्समध्ये का जायचे? कारण तिथे युनियन रग्बी गल्लीबोळात होती आणि खाणी बंद पडल्यावर बेकारीही गल्लीबोळात होती. हेरायला आलेला माणूस गावात दिसला की क्लबवाले भडकायचे. त्यामुळे सगळा व्यवहार लपूनछपून. चाचणी सामन्यात मुलाचं खरं नाव कागदावर आलं तर युनियनची बंदी पडायची, म्हणून तिथे 'ए. एन. अदर' म्हणजे 'आणखी कुणीतरी' असं छापायचे. कार्डिफचा क्लाइव्ह सलिव्हन १९६१ मध्ये हल संघाच्या चाचणीत असाच बिननावाने उतरला. लहानपणी त्याच्या पायांवर शस्त्रक्रिया झालेल्या. आधी ब्रॅडफर्डने त्याला पाहून परत पाठवलेलं. हलच्या सामन्यात त्याने तीन ट्राय केले. १९७२ मध्ये तो ब्रिटनचा कर्णधार झाला, कोणत्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार, आणि त्या वर्षीचा विश्वचषक जिंकून आला. ब्रॅडफर्डच्या ज्या कुणी त्याला नापास केलं, त्याला नंतर झोप कशी लागली असेल!

आता बिली बोस्टनची गोष्ट. कार्डिफच्याच टायगर बे वस्तीतला, अकरा भावंडांतला एक. वडील सिएरा लिओनचे. त्याचं स्वप्न एकच, कार्डिफच्या युनियन संघाकडून खेळायचं. पण त्या क्लबचं बोलावणं कधी आलंच नाही. आले ते विगनचे लोक, १९५३ मध्ये, थेट घरी. टेबलावर हजार पौंडांच्या नोटा मांडल्या. आईला पोरगं दूर पाठवायचं नव्हतं. ही माणसं टळावीत म्हणून तिने सांगितलं, तीन हजार द्या, मग करेल सही. तिला वाटलं, जातील निघून. ते म्हणाले, ठरलं! हा किस्सा बोस्टन यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितला आहे. माऊलीने किंमत वाढवली ती पोर विकण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी. पण शब्द गेला होता.

बोस्टनने विगनसाठी ४७८ ट्राय केले. आणि त्यांतल्या कितीतरी वेळी त्याच्या आत सेंटरला कोण होता? एरिक ॲश्टन. शेजारच्या सेंट हेलेन्स गावचा. त्याला विगनने १९५५ मध्ये घेतलं, किंमत दीडशे पौंड. विंगरला तीन हजार, सेंटरला दीडशे. वीसपट फरक! पण दोन वर्षांत ॲश्टन विगनचा कर्णधार झाला आणि १९६० मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या ब्रिटनचाही. १९६६ मध्ये एमबीई मिळवणारा तो रग्बी लीगचा पहिला खेळाडू. बोस्टनना 'सर' व्हायला मात्र जून २०२५ उजाडावं लागलं. वय ९०. रग्बी लीगमधला हा पहिला 'सर'. कार्डिफनेही २०२३ मध्ये बोस्टन, सलिव्हन आणि रिसमन या तिघांचा एकत्र पुतळा उभारला. जिवंतपणी गावच्या संघात जागा नाही आणि सत्तर वर्षांनी चौकात पुतळा. आपल्याकडेही अशी उदाहरणं शोधायला लांब जायला नको.

मला हेरणाऱ्यांना सरसकट शिव्या द्यायच्या नाहीत. टायगर बेच्या पोरांकडे त्यांच्याच शहराने पाहिलं नाही, उत्तरेच्या हेरणाऱ्यांनी पाहिलं. भाकरी दिली, नाव दिलं. पण त्यासाठी पोरांनी जे मोजलं ते पैशांच्या रकान्यात येत नाही. सही केली की गावच्या मैदानावर परत खेळता यायचं नाही. युनियनच्या कुठल्याही संघाला पुढे शिकवताही यायचं नाही. आणि इकडे लीगमध्ये खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात. क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे, आणि विकला तर रक्कम क्लबाक्लबांत फिरायची. म्हणजे मागचं दार युनियनने लावलं, पुढच्या दाराची किल्ली क्लबच्या खिशात. ऑगस्ट १९९५ मध्ये, फुटीला शंभर वर्षं होत असताना, युनियनने स्वतःच पैसे देऊन खेळवणं मान्य केलं आणि ती बंदी संपली. तोवर कित्येक पिढ्या परतीच्या वाटेशिवाय म्हाताऱ्या झाल्या.

दार उघडल्यावर काय होतं, तेही बघा. सिडनीचा जोसेफ सुआली. लीगमध्ये अठराच्या आत खेळायला मनाई होती, त्याला खास सवलत देऊन २०२१ मध्ये सतराव्या वर्षी उतरवलं. २०२३ मध्ये युनियनने त्याला सुमारे पन्नास लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला आपल्याकडे वळवल्याच्या बातम्या आल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो लंडनला ऑस्ट्रेलियाच्या युनियन संघातून सेंटर म्हणून खेळला. ना बंदी, ना खोटं नाव. ज्या पोराकडे दोन दारं उघडी असतात त्याची किंमत ही असते.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. इंग्लंडमध्ये कुमार रग्बी लीगच्या निवडींचा अभ्यास झाला, त्यात निवड-वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा भरणा जास्त दिसला. कारण साधं आहे. चौदाव्या वर्षी आठ-दहा महिन्यांनी थोरला मुलगा अंगाने भरलेला असतो. हेरणारा अंग बघतो आणि त्याला वाटतं आपण गुण बघितला. तुमचं पोरगं यंदा निवडलं गेलं नाही, तर कदाचित ते फक्त उशिरा जन्मलेलं असेल.

त्या गृहस्थांना मी सही करू नका असं म्हटलं नाही. तो हक्क माझा नाही. चार प्रश्न कागदावर लिहून दिले. पाच वर्षं बांधून घेताय तर दर महिन्याला काय देणार? गुडघा गेला तर उपचार कोण करणार? दहावी-बारावीचं काय? आणि मुलाला परत यायचं झालं तर शाळेकडून, गावच्या मंडळाकडून खेळता येईल का? उत्तरं लेखी घ्या, म्हटलं.

पोरगा सगळा वेळ गप्प होता. जाताना दारात थांबून त्याने एकच विचारलं, "काका, मग गणपतीतल्या स्पर्धेत मंडळाकडून खेळता येणार नाही का?"

त्यांना शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. तालुक्यातल्या वकील मित्रांपैकी कुणी हे सहा कागद एकदा विनामूल्य वाचून देणार असेल, तर कार्यालयात या. चहा माझ्याकडून.