प्रतिकृतीची साक्ष

श्रावण सरत आला होता. रायपूरला पावसाची झड लागलेली होती आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे माझा नातू घरातच अडकून पडला होता. वाढदिवसाला कोणीतरी दिलेली एक पेटी त्याने माझ्यापुढे आणून ठेवली. तिच्यात प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटी होत्या आणि त्या काड्यांना, फांदीला फळे लागावीत तसे, एका मोटारीचे सुटे भाग लागलेले होते. ते एकेक करून कापावयाचे, कानशीने घासावयाचे, रंगवावयाचे आणि डिंकासारख्या द्रावाने जोडावयाचे. जोडून जी मोटार व्हावयाची ती ‘गोल्डफिंगर’ या १९६४ च्या इंग्रजी चित्रपटातील ॲस्टन मार्टिन डीबी ५. माप एकास चोवीस. खरी मोटार साडेचार मीटरांहून किंचित अधिक लांब. ही एकोणीस सेंटीमीटरांची, म्हणजे वितीलाही थोडी उणीच.

आम्ही तीन संध्याकाळी त्या कामी लावल्या. पहिले चाक मी घाईने चिकटविले आणि ते तिरके बसले. दुसरे नातवाने धीराने बसविले, ते सरळ बसले. काम अर्ध्यावर आले असता त्याने मला विचारले, “आजोबा, जिच्यावरून ही केली, ती खरी गाडी आता कुठे आहे?” प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता मी त्या मोटारीपासून फार दूर, आणि शेवटी आमच्याच शहरातील एका दालनापाशी येऊन पोचलो. तो प्रवास आज आपणांस सांगावयाचा आहे.

त्या मोटारीची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. चित्रपटाचे कलादिग्दर्शक केन ॲडम यांच्या कल्पनेतून आणि जॉन स्टिअर्स या यंत्रकुशल गृहस्थाच्या हातून तिला फिरत्या नंबरपट्ट्या, मागे उभी राहणारी गोळीरोधक ढाल आणि शेजारच्या माणसाला छपरातून बाहेर फेकणारे आसन अशी सामग्री मिळाली. पडद्यावर ती क्षणभर दिसली आणि जगभरच्या मुलांच्या मनात कायमची घर करून राहिली. चित्रपटांचे काम संपल्यावर मात्र कारखान्याने ही सारी सामग्री काढून टाकली आणि एक साधी जुनी मोटार म्हणून ती विकून टाकली. पुढे तिची खरी किंमत लोकांच्या ध्यानात आली, तेव्हा नंतरच्या मालकांनी ती सामग्री नव्याने बनवून पुन्हा बसविली. म्हणजे त्या खऱ्या मोटारीत चित्रपटातील खरेपणा आता पुष्कळसा उरलाच नव्हता. अखेर जून १९९७ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात बोका रॅटन येथील विमानतळावरच्या एका कोठारातून ती चोरीस गेली. ती मध्यपूर्वेत कोठेतरी असल्याच्या वार्ता २०२१ मध्ये आल्या होत्या.

मूळ वस्तू अशी नाहीशी झाली. तिची लहान रूपे मात्र घराघरांत राहिली. कॉर्गी या इंग्रज खेळणी-कारखान्याने १९६५ च्या ऑक्टोबरात तिची धातूची छोटी प्रतिकृती काढली, ती लाखांनी खपली. एअरफिक्स, ऑरोरा आदी कारखान्यांनी त्याच दशकात जोडावयाचे संचही काढले. ज्या मोटारीचा मूळ देह कोणा चोराच्या हाती गेला, तिच्या आसनाचा खटका एखाद्या पोराच्या कपाटात अजून उडत असतो.

या जोडकामाच्या संचांचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने १९३९ मध्ये इंग्लंडात एअरफिक्स कंपनी काढली. प्रारंभी ती हवा भरलेली रबरी खेळणी आणि पुढे कंगवे करीत असे. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने पोलादी साच्यात घालून वस्तू पाडण्याचे यंत्र तिच्याजवळ होते. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे ठेवावयास त्या यंत्राची छोटी प्रतिकृती हवी होती. ती एअरफिक्सने करून दिली. तयार प्रतिकृती जोडणे खर्चाचे पडे, म्हणून पुढे तिचे भाग सुटेच विकावे आणि जोडण्याचा आनंद गिऱ्हाइकाने घ्यावा, ही युक्ती निघाली. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा लहानसा स्वस्त संच दुकानांत आला आणि एक नवा छंद जगात रुजला. त्या पहिल्या ट्रॅक्टरची आठवण कृपा करून मनात असू द्यावी. शेवटी आपणांस तिच्याकडे परतावयाचे आहे.

तोवर पोळा आला. छत्तीसगडात त्याला पोरा म्हणतात. त्या दिवशी गोलबाजारात आणि कुंभारांच्या वस्तीत मातीचे बैल मांडलेले असतात. त्यांना ‘नांदिया बैला’ असे नाव आहे. बैलाच्या पायांना भोके असतात, त्यांतून काडीचा आस जातो आणि त्या आसाला मातीची चाके बसतात. मुलींसाठी चूल, जाते, भांडीकुंडी यांचा इवलासा मातीचा संसार असतो, तो ‘जाता-पोरा’. ठेठरी-खुरमीचा नैवेद्य झाला, की मुले दोरी बांधून ते बैल रस्त्यावर पळवितात. आमच्या मराठी घरांत हा सण परका वाटत नाही. रायपूर-रतनपूरचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत, मधला इंग्रजी देखरेखीचा काळ धरून, नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहत. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा ‘तान्हा पोळा’ भरतो. चाके लावलेले लाकडी बैल सजवून मुले मिरवितात. दुसऱ्या रघूजींच्या काळी ही चाल पडली असे सांगतात. नागपूरचा लाकडी बैल आणि रायपूरचा मातीचा बैल हे एकाच सणाचे दोन भाऊ आहेत.

आता बैलाला चाके नसतात, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. मग ही चाके कोठून आली? याचे उत्तर आपणांस महाराष्ट्राच्या मातीतच, फार खोलवर मिळते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, दायमाबाद नावाचे लहान गाव आहे. १९७४ मध्ये तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार धातूच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जोडलेला एक रथ. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब. त्यावर उभा असलेला सारथी १६ सेंटीमीटर उंच. प्राण्यांच्या पायांखाली बैठका आणि बैठकांना आसाची सोय. म्हणजे हत्ती आणि गेंडा हेही चाकांवर चालविण्यासाठीच घडविलेले होते. मधुकर ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी त्यांचा काळ इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांच्या आसपास, उत्तर-हडप्पा काळात लावला. काहींनी धातूच्या घटकांवरून त्याविषयी शंका घेतली. त्या वस्तू मिरवणुकीत ओढीत असावेत असाही तर्क झाला. मतभेद काही असोत. त्या काळच्या दख्खनेत खरा रथ कसा होता हे आज आपणांस सांगणारे दुसरे कोणी नाही. खऱ्या रथांचे लाकूड कुजून गेले. उत्तर प्रदेशात सिनौली येथे २०१८ मध्ये खऱ्या गाड्या पुरलेल्या आढळल्या, तेथेही लाकूड मातीस मिळाले होते आणि त्यावर जडविलेले तांबेच तेवढे आकार राखून होते. दायमाबादचा लांब दांडा, त्याच्या टोकाची बैलांची जोडी, मागे उभा राहून हाकणारा माणूस हे सारे आपणांस त्या हातभर प्रतिकृतीनेच दाखविले. मोठे रथ गेले; धाकटा साक्षीला राहिला.

इतके वाचून झाल्यावर मी नातवाला घेऊन आमच्या महंत घासीदास संग्रहालयात गेलो. राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या उदारतेने १८७५ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. आजच्या इमारतीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १९५३ मध्ये झाले. सिरपूरच्या धातुमूर्ती पाहावयास लोक तेथे येतात. मी त्याला घेऊन गेलो तो एका जीर्ण लाकडी खांबापाशी.

जुन्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावी हिराबांध नावाचे तळे आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात ते आटले आणि गाळातून हा खांब निघाला. त्यावर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ब्राह्मी अक्षरे होती. शतकानुशतके पाण्याने जे राखले ते उन्हाने काही दिवसांत गमावले. लाकूड सुकले, त्याच्या ढलप्या निघाल्या आणि ढलप्यांबरोबर अक्षरेही गेली. लेख तेथेच संपावयाचा. पण गावातील पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी ऊन लागण्याआधीच ती अक्षरे जशी दिसली तशी कागदावर उतरवून ठेवली होती. हिरानंद शास्त्रींनी पुढे लेख प्रसिद्ध केला तो बहुतांशी या नकलेच्या आधाराने. त्या लेखात कोणा राजाची स्तुती नाही. राज्यातील अधिकाऱ्यांची पदे आहेत: नगररक्षक, सेनापती, गणक, भांडागारिक, हत्तीस्वार, घोडेस्वार. आणि माझ्या नातवाला ज्या पदाने हर्ष झाला ते म्हणजे ‘रथिक’, आणि त्याच्याच जोडीला वाहनांच्या शाळेचा व शस्त्रागाराचा अधिकारी, ‘यानसालायुधघरिक’. “म्हणजे गाड्यांच्या गॅरेजचा साहेब!” नातू म्हणाला. त्याचे भाषांतर मला दुरुस्त करावेसे वाटले नाही. त्या यानशाळेतील एकही रथ आज नाही, आणि ज्या खांबाने तिचे नाव राखले तोही एका माणसाने केलेल्या नकलेमुळेच बोलतो.

येथे एक आक्षेप घेता येईल आणि तो खरा आहे. नक्कल नेहमीच प्रामाणिक असते असे नाही. चित्रपटातील मोटार रुपेरी होती. कॉर्गीने ती सोनेरी रंगविली, कारण रुपेरी रंग लहान धातूच्या खेळण्यावर न रंगविल्यासारखा दिसला असता. बैलाला चाके नसतात, ती कुंभाराने दिली. दायमाबादचा हत्ती चाकांवर उभा आहे. त्यावरून त्या काळी हत्ती चाकांवर चालत असे म्हणणारा इतिहासकार हास्यास्पद ठरेल. प्रतिकृतीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, मूळ वस्तूचे रूप आणि करणाऱ्याचे मन. उपाध्यायांनी आपले काही न घालता उतरविले, म्हणून त्यांची नक्कल पुरावा झाली. कुंभाराने आपली हौस घातली, म्हणून त्याचा बैल पुरावा आहे तो बैलाचा नव्हे, तर मुलांच्या हाती काहीतरी चालते द्यावे या माणसाच्या जुन्या इच्छेचा. दोन्ही साक्षी मोलाच्या आहेत. कोणती कशाची, एवढे ओळखता आले पाहिजे.

आता त्या ट्रॅक्टरकडे वळू. फर्ग्युसनची कंपनी १९५३ मध्ये मॅसी-हॅरिस कंपनीशी एक झाली आणि १९६० मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या कारखान्याने तिच्याच घराण्यातले ट्रॅक्टर आपल्याकडे बनविण्यास आरंभ केला. पुढे गावोगावी नांगराच्या जागी तेच यंत्र आले. ज्याच्या छोट्या प्रतिकृतीने मोटारींच्या संचांचा छंद सुरू झाला, त्यानेच पोळ्याच्या बैलाला गोठ्यातून उठविले. माझ्या लहानपणी पोळ्याला दाराशी खरे बैल येत आणि आई त्यांचे पाय धुऊन पूजा करी. आज आमच्या गल्लीत पूजेला येतो तो मातीचाच बैल. खरा गेला आणि प्रतिकृती त्याच्या जागी उभी राहून त्याची पूजा घेत आहे.

पोळ्याच्या सकाळी नातवाने आपली मोटार पूर्ण केली होती. एक चाक अजूनही तिरके होते. ते त्याने मुद्दाम तसेच ठेवले, कारण ते आजोबांनी बसविले होते. देवघरापुढे पाटावर नांदिया बैलाच्या शेजारी त्याने ती मोटार ठेवली. पत्नीने क्षणभर विचार केला आणि दोघांनाही हळदकुंकू लावले. मातीचा बैल दिवाळीपर्यंत फुटेल. पुढल्या श्रावणात कुंभार नवा करील, तोवर तो व्यवसाय टिकला तर. प्लॅस्टिकची मोटार मात्र फार वर्षे टिकेल. कोणी सांगावे, कधी काळी कोणाच्या तरी कुदळीला ती लागेल आणि तिच्या तिरक्या चाकावरून आमच्या काळाविषयी काही अनुमान निघेल. ते बरोबर निघावे, एवढ्यासाठी तरी तिच्या पेटीवर आम्ही दोघांची नावे, गावाचे नाव आणि तिथी लिहून ठेवली आहे.