घोड्यांनी राखलेली वाट

दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझहून समुद्राकडे २४० किलोमीटरचा कालवा जातो, कनाल द्यु मिदी. काठाला, तुलूझजवळचे डांबर संपले की, खडी-मातीची वाट. मोटारी जवळपास नाहीतच. सायकली मात्र खूप. पण ही वाट मुळात नावा ओढणाऱ्या घोड्यांची!

मिठाचा कर वसूल करणाऱ्या रिकेने १६६६ मध्ये राजाज्ञा मिळवली, स्वतःची दौलत त्यात ओतली. १६८० मध्ये तो कर्जबाजारीच वारला. कालवा खुला झाला मे १६८१ मध्ये. मधले ते थोडे महिने मला कवी म्हणून फार छळतात.

काठावरची झाडे, आपल्या काश्मिरी चिनारांची भावंडे, एकोणिसाव्या शतकातली. २००६ मध्ये त्यांच्यात बुरशीचा रोग आढळला आणि हजारो तोडावी लागली. नवी रोपे लावताहेत. त्यांची सावली पडेपर्यंत सायकलवाल्यांनो, टोपी विसरू नका.