पुण्याची लेगस्पिनर आणि न झालेले सामने

एप्रिल १९७३मध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा झाली. संघ आले तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन संघांवर देशाची स्पर्धा भरवायची हे धाडसच होते; पण वर्ष संपता संपता वाराणसीत आठ संघ उतरले आणि त्यानंतर कोलकात्यात चौदा. १९७३मध्येच लखनौत महेंद्रकुमार शर्मा यांच्या खटपटीतून भारतीय महिला क्रिकेट संघटना उभी राहिली होती. कराडच्या प्रेमलाबाई चव्हाण यांनी पुढे तिचे अध्यक्षपद सांभाळले.

एवढ्या खेळाडू एकदम आल्या कुठून? बऱ्याचशा दुसऱ्या खेळांतून. मुंबईच्या डायना एडुलजी कनिष्ठ राष्ट्रीय पातळीवर बास्केटबॉल आणि टेबल टेनिस खेळून क्रिकेटकडे वळल्या.

१९७५मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील मुलींचा संघ आला, तेव्हा पुण्यालाही एक सामना मिळाला. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजविरुद्ध भारताने पहिली अधिकृत कसोटी मालिका खेळली. त्या मालिकेत पुण्याची सतरा वर्षांची एक लेगस्पिनर होती: शुभांगी कुलकर्णी.

त्यांची कारकीर्द १९७६ ते १९९१ अशी पंधरा वर्षांची. कसोट्या किती? एकोणीस! याचा दोष त्यांच्या फिरकीला देता येत नाही. जानेवारी १९७७नंतर भारतीय महिलांना थेट १९८४मध्ये कसोटी मिळाली. मधल्या सात वर्षांत १९७८ आणि १९८२चे विश्वचषक झाले, तेवढाच दिलासा. न्यूझीलंडमधल्या १९८२च्या विश्वचषकासाठी तर खेळाडूंकडेच प्रत्येकी दहा हजार रुपये मागितले गेले. देशाकडून खेळायचे आणि त्याचे पैसेही आपणच भरायचे, असा तो जमाना.

१९८५मध्ये कुलकर्णींना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८६च्या इंग्लंड दौऱ्यावर त्या कर्णधार होत्या. याच दौऱ्यात संध्या अगरवाल यांनी १९० धावांची खेळी करून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. संघ रंगात आला होता. आणि मग पुन्हा शांतता. १९८८च्या विश्वचषकात भारत उतरलाच नाही, पुढची कसोटी उजाडली ती १९९१मध्ये ऑस्ट्रेलियात. फिरकी गोलंदाज साधारणपणे पिकतो तो सत्ताविशी ते तिशीत, आणि कुलकर्णींची नेमकी तीच वर्षे कोरडी गेली. तरीही साठ कसोटी बळी. भारतीय महिलांमध्ये त्यांच्यापुढे फक्त एडुलजी आहेत, त्रेसष्ट बळींसह.

खेळ थांबल्यावर त्या कारभारात शिरल्या. २००६मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली गेले, तेव्हा महिला संघटनेच्या सचिव शुभांगी कुलकर्णीच होत्या. म्हणजे ज्या संघटनेने त्यांना मैदान दिले, तिची दप्तरे सुपूर्द करण्याची वेळही त्यांच्यावरच आली.

पैसा मात्र सावकाशच आला. २००५च्या विश्वचषकात भारत अंतिम फेरीत पोचला, तेव्हा एका सामन्याचे हजार रुपये मिळत, असे तेव्हाच्या कर्णधार मिताली राज यांनी सांगितले आहे. बीसीसीआयचे वार्षिक करार महिलांना मिळाले ते २०१५मध्ये. आणि २०२३च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनावर बेंगळुरूच्या संघाने तीन कोटी चाळीस लाखांची बोली लावली.